घरी शिवलेली कुंची

मार्गशीर्ष सरत आला की अहेरीच्या पहाटेचे रूप पालटते. प्राणहितेच्या पात्रावरून धुके उठते, काठच्या शेतांतून हळूहळू गावाकडे सरकते आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत हटत नाही. आलापल्लीच्या बाजूच्या सागवनांतून येणारा वारा अंगास झोंबतो. उन्हाळ्यात ज्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो, त्याच मुलखात पौषातील काही रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. उन्हाची आपणांस सवय असते. थंडी मात्र दोन महिन्यांची पाहुणी. म्हणूनच की काय, तिच्यासाठी आपण फारशी तयारी करीत नाही. मोठी माणसे शेकोटीपाशी बसून वेळ निभावून नेतात. परंतु घरात जे महिना-दोन महिन्यांचे बालक असते, त्यास शेकोटीपाशी जाता येत नाही, आणि थंडी वाजते असे सांगताही येत नाही.

एकदा अशाच दिवसांत सकाळच्या बाजारात दोन बालके माझ्या दृष्टीस पडली. एक आईच्या कडेवर होते. त्याच्या अंगात विकतचा, झालरी लावलेला, चकचकीत झगा होता. मात्र डोके उघडे, पाय उघडे आणि ओठ थंडीने किंचित निळसर झालेले. दुसरे एका आजीबाईंच्या मांडीवर होते. त्याच्या अंगावर रंग उडालेली, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली, खणाची कुंची होती, आणि ते गाढ झोपले होते. पहिल्या पोशाखास पैसे अधिक पडले असतील आणि पाहणाऱ्याचे लक्षही त्याच्याकडेच प्रथम गेले असेल. परंतु पोशाखाचे जे काम, ते दुसऱ्याने केले होते. ह्या दोहोंतील भेद कशात आहे आणि दुसऱ्या प्रकारचा पोशाख घरच्या घरी सुंदर करून कसा शिवावा, हे यथामति सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुंची म्हणजे काय

शेतकरी पावसात गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात सारून त्याची खोळ करतो व डोक्यावरून पाठीवर सोडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुंचीची कल्पना तीच. वरचा भाग टोपीसारखा डोके, कान व मान झाकतो आणि त्यालाच जोडलेला खालचा घोळ पाठ, खांदे व छाती झाकून गुडघ्यांपर्यंत येतो. ती अंगात घालावी लागत नाही. बालकाच्या डोक्यावरून नुसती ठेवावयाची आणि हनुवटीखाली बांधावयाची. इवल्याशा हातांची ओढाताण नाही, डोके कोंबणे नाही. महाराष्ट्रात बारशाच्या आहेरात अंगडे-टोपडे व झबल्याबरोबर कुंची देण्याची चाल आहे. बहुधा आजी, मावशी किंवा आत्या ती स्वहस्ते शिवते. कोठे ती खणाची असते, कोठे जुन्या लुगड्याच्या काठाची, तर सधन घरी जरीची. परंतु घडण सर्वत्र सारखीच.

ऊब कोठून येते

शिवावयास बसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कापडात स्वतःची ऊब नसते. ऊब शरीराची असते. कापड तिला बाहेर जाऊ देत नाही एवढेच. आणि हे कामही कापडापेक्षा त्याच्या धाग्यांत व थरांत अडकून राहिलेली हवा अधिक करते, कारण स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने वाहते. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा दोन-तीन पातळ कापडांचे थर अधिक उबदार ठरतात. आपल्या आज्या जुनी लुगडी एकावर एक ठेवून गोधडी शिवीत, तिचे रहस्य हेच. ह्याच्या उलट, ओल्या कापडात हवेची जागा पाणी घेते. आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. ओले झबले अंगावर ठेवणे म्हणजे बालकाची ऊब आपल्या हाताने काढून घेणे होय.

मोठ्या माणसापेक्षा बालकास थंडी लवकर का बाधते, तेही ध्यानात घ्यावे. देहाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार फार मोठा असतो. जेवढा विस्तार अधिक, तेवढी उष्णता अधिक निसटते. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकंदर उंचीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. मोठ्या माणसाचे सुमारे एक-अष्टमांश. म्हणजे बालकाचे डोके उघडे राहिले तर देहाचा केवढा तरी भाग उघडा राहिला असे होते. शिवाय मोठी माणसे थंडीने कुडकुडतात व त्या हालचालीने अंगात ऊब येते. नवजात बालकास तसे कुडकुडता येत नाही. मानेजवळ व पाठीत साठलेली विशेष प्रकारची चरबी जाळून ते आपली ऊब राखते, आणि दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाजवळ ही शिदोरीही फार थोडी असते. नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते ३६.५ च्या खाली गेले की थंडीचा अपाय सुरू झाला असे समजावयाचे.

गडचिरोलीचा धडा

ही नुसती पुस्तकी माहिती नव्हे. आपल्याच जिल्ह्यात तिची कसोटी लागली आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने १९८६ साली गडचिरोली येथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. पुढे १९९५ पासून जिल्ह्यातील ३९ गावांत त्यांनी एक प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांस 'आरोग्यदूत' म्हणून शिक्षण देऊन नवजात बालकांची शुश्रूषा त्यांच्या घरीच करण्याची व्यवस्था केली. श्वास न घेणाऱ्या बालकास श्वास कसा द्यावा, जंतुसंसर्ग कसा ओळखावा व त्यावर औषध कसे द्यावे, अंगावर दूध कसे पाजावे, आणि बालकास उबदार कसे ठेवावे, हे सर्व त्या शिकल्या. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दाखविले होते. २०११ साली भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे हीच पद्धती देशभर सुरू केली.

हे यश एकट्या कापडाचे नव्हे, हे उघड आहे. परंतु ऊब राखणे हा त्या शुश्रूषेचा एक आधारस्तंभ होता. अशक्त बालकास गुंडाळण्यासाठी कपड्याची उबदार पिशवी हे त्यातले एक साधन होते, आणि आशाताईंच्या साहित्यातही तिला स्थान मिळाले. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांबरोबर कापडाची एक शिवलेली पिशवी प्राणरक्षणाच्या कामी येते, हे ऐकून सुईदोरा हाती धरणाऱ्या प्रत्येकास धन्यता वाटली पाहिजे. आपली कुंची ही त्या पिशवीची वडील बहीणच होय.

तथापि एक गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे. आईच्या देहाइतके उबदार वस्त्र कोणासही शिवता आलेले नाही. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील डॉक्टरांनी कमी वजनाच्या बालकांस आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास आरंभ केला. आज ती पद्धती साऱ्या जगात मान्य झाली आहे. तेव्हा बालकास आईच्या कुशीतून काढून कुंचीत घालावयाचे नसून, ते कुशीबाहेर असेल त्या वेळी त्याचे डोके व पाठ कुंचीने झाकावयाची आहे.

कापडाची निवड

कुंचीस तीन थर घ्यावेत. अगदी आतला थर अंगास लागतो. तो जुन्या, अनेक वेळा धुतलेल्या सुती कापडाचा असावा. वडिलांचे विरलेले धोतर किंवा आईचे मऊ पडलेले पातळ ह्यासारखे अस्तर बाजारात मिळत नाही. मधला थर फलालीनचा किंवा जुन्या सुती चादरीचा घ्यावा. लोकर घालावयाची असल्यास ह्याच थरात घालावी. ती बालकाच्या गालास लागू देऊ नये, कारण तिचे केस टोचतात.

वरचा थर मात्र आपल्या हौसेचा. खण घेतल्यास उत्तम. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड हे गाव आहे; तेथील विणकरांचे खण महाराष्ट्रातील घरोघरी चोळीसाठी येत आले आहेत. खादीही शोभून दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे गाव खादीच्या कामासाठी फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. आपल्या भागाची खरी मिरास म्हणजे कोसा. आरमोरीच्या बाजूस ढिवर समाजाचे लोक ऐनाच्या झाडांवर कोशांचे किडे पोसतात व त्या कोशांपासून टसर रेशीम निघते. कोशाचे कापड किंचित ताठ असते, यास्तव ते फक्त वरच्या थरास किंवा काठास वापरावे. नायलॉनचे चकचकीत कापड व लेस टाळावी. ते घाम शोषीत नाही आणि ठिणगी पडल्यास वितळून त्वचेस चिकटते.

कापड नवे असेल तर बेतण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. हे न केल्यास पुढे अस्तर एकीकडे व वरचे कापड दुसरीकडे ओढले जाते. रंग सुटतो की काय, हेही पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून पाहावे. रंग सुटणारे कापड बालकाच्या तोंडाशी येता कामा नये, कारण हाती लागेल ते चोखणे हा त्याचा धर्मच आहे.

माप व बेतणे

पुढील माप जन्मापासून सुमारे एक वर्षापर्यंत पुरते. ३६ इंच पन्ह्याचे पाऊण वार कापड घ्यावे. त्यातून दोन तुकडे कापावेत :—

घोळाचा तुकडा : रुंदी २८ इंच, लांबी १८ इंच.

टोपीचा तुकडा : रुंदी ८ इंच, लांबी १६ इंच.

अस्तराचे व मधल्या थराचे तुकडे ह्याच मापाने कापावेत. मात्र घोळाच्या मधल्या थराचा वरचा काठ एक इंचाने कमी करावा. तेथे चुण्या येणार आहेत. तीनही थरांच्या चुण्या घातल्या तर मानेपाशी गाठोडे होते. घोळाची लांबी कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने धरावी, म्हणजे कुंची पाठीवर सरळ पडते. कात्री लावण्यापूर्वी खडूने रेघा आखून मापे पुन्हा एकदा ताडून पाहावीत. चुकीची टीप उसवता येते, चुकीचे कापलेले कापड जोडता येत नाही.

भरतकाम आधी, शिवण मागून

पुष्कळ जण कुंची पुरी शिवून झाल्यावर तिच्यावर भरतकाम करावयास घेतात. ही चूक होय. भरतकामाच्या मागे गाठी व दोऱ्याची टोके राहतात; ती आतून बालकाच्या कपाळास घासतात. यास्तव वरच्या थराचे दोन्ही तुकडे सुटे असतानाच त्यांवर भरतकाम करावे, म्हणजे मागच्या सर्व गाठी अस्तराखाली झाकल्या जातात.

नक्षी कोणती काढावी, ह्यासाठी छापील नमुन्यांचे पुस्तक शोधीत बसण्याचे कारण नाही. अहेरीच्या मुलामुलींस नक्षीची वाण नाही. सागाचे रुंद पान, मोहाच्या फुलांचा घोस, ऐनाची फांदी, प्राणहितेची एकामागून एक येणारी लाट, भाताची लोंबी, ह्यांपैकी काहीही पाहून कागदावर चितारावे व मग खडूने कापडावर उतरवावे. पानाच्या कडेस व देठास साखळी टाका, शिरांस उलटी टीप, मोहाच्या फुलास गाठीचा टाका आणि लाटेस दुहेरी धावदोरा शोभतो. दोरा पक्क्या रंगाचा घ्यावा. नक्षी टोपीच्या दोन्ही बाजूंस व घोळाच्या खालच्या चार इंचांत असावी. पाठीच्या मध्यभागी दाट भरतकाम करू नये. बालक त्यावर निजते आणि भरीव टाके त्यास खड्यांप्रमाणे टोचतात.

शिवण

(१) प्रत्येक तुकड्याचे तीन थर एकावर एक ठेवावेत : खाली अस्तर, मध्ये फलालीन, वर नक्षीचा तुकडा. मध्यापासून कडांकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि मोठमोठ्या टाक्यांचा कच्चा धावदोरा घालावा.

(२) घोळावर एकेक इंच अंतराने उभे धावदोरे घालावेत, जसे गोधडीवर घालतात. ह्यांनी तीन थर एकजीव होतात, धुतल्यावर मधला थर गोळा होत नाही, आणि दोन ओळींच्या मध्ये फुगीर पट्टे राहून त्यांत हवा कोंडली जाते. दोरा कापडाहून निराळ्या रंगाचा घेतला तर हीच आपोआप नक्षी होते.

(३) टोपीचा तुकडा मध्यावर दुमडून ८ इंचांचा चौकोन करावा. दुमड डोक्यावर येईल. एक उभी कड पाठीमागची. ती अर्धा इंच आत धरून उलट्या टिपेने शिवावी. दुसरी कड चेहऱ्याची; ती मोकळी राहील. मागे वरचा कोपरा टोकदार राहतो. तेथे कोपऱ्यापासून दीड इंचावर तिरपी टीप घातली की टोपीस डोक्यासारखा गोलवा येतो. आतल्या शिवणीवर मऊ कापडाची पट्टी तुरपाई करून लावावी.

(४) टोपीच्या खालचा काठ आता १५ इंच भरेल. घोळाचा वरचा काठ २८ इंच आहे. म्हणजे १३ इंच कापड चुण्यांत गेले पाहिजे. एकेका चुणीत एक इंच, अशा १३ चुण्या घालाव्यात : एक मध्यभागी व सहा-सहा दोन्ही अंगांस. दोन्ही टोकांशी दीड-दीड इंच जागा सपाट सोडावी, म्हणजे हनुवटीखाली जाडी येत नाही. ह्या चुण्यांमुळेच घोळ खाली पसरतो आणि पाठीशी हवेचा एक थर राहतो.

(५) टोपी व घोळ सुलट बाजू समोरासमोर धरून जोडावेत. टीप बारीक असावी, कारण सारा ताण येथेच येतो. आतून पुन्हा मऊ पट्टी लावावी.

(६) चेहऱ्याची कड, घोळाच्या दोन्ही बाजू व खालचा काठ ह्यांस गोट मारावा. त्यासाठी निराळ्या रंगाच्या कापडाची, दीड इंच रुंद, तिरकी कापलेली पट्टी सुमारे सव्वादोन वार लागते. तिरक्या पट्टीस ताण असतो; ती गोलाईवर सुरकुत्या न पडता बसते. पट्टी प्रथम वरून टीप घालून लावावी, मग आत वळवून तुरपाई करावी.

(७) हनुवटीखाली पूर्वी लांब बंद लावीत. ते गळ्याभोवती गुंतण्याचे भय असते. त्याऐवजी दोन इंच लांबीची एक मऊ पट्टी लावून तिला टिचबटण शिवावे. ओढ बसताच ते सुटते आणि गळ्यास फास बसत नाही. बटण दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवून ओढून पाहावे.

येणेप्रमाणे शिवण पुरी झाली की कच्चे धावदोरे काढून टाकावेत. सुया मोजून घेतल्या होत्या तितक्याच परत भरल्या की नाहीत, हे पाहिल्यावाचून कुंची कोणाच्या हाती देऊ नये. एखादी टाचणी आत राहून गेली, तर साऱ्या कौशल्यावर पाणी पडते. मग ती कोमट पाण्यात साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावी. रोज एक तास दिल्यास पंधरवड्यात हे काम सहज होते, आणि ह्यास यंत्राची गरज लागत नाही.

सजावटीची मर्यादा

आता मी माझीच एक फजिती सांगते. मी शिवलेली पहिली कुंची माझ्या भाच्यासाठी होती. हौसेच्या भरात मी तिच्या चेहऱ्याच्या कडेस सोनेरी जरीची पट्टी लावली, टोपीवर मणी व टिकल्या शिवल्या, आणि शेंड्यास घुंगरू बांधले. बारशास आलेल्या प्रत्येक बाईने ती हातात घेऊन वाखाणली. बाळ मात्र ती घालताच रडू लागले. तासाभराने कुंची काढली तो त्याच्या दोन्ही गालांवर जरीच्या पट्टीने लाल वळ उमटलेले, आणि एक मणी तुटून त्याच्या मुठीत आलेला! आणखी थोडा वेळ गेला असता तर तो मणी तोंडात गेला असता. आजी काही रागावली नाही. तिने कात्री आणविली, जरीची पट्टी शांतपणे उसविली आणि म्हणाली, "बाई, ही कुंची तू पाहणाऱ्यांसाठी शिवलीस, आता घालणाऱ्यासाठी शीव."

त्या दिवसापासून सजावटीचा एकच नियम मी पाळीत आले आहे. जी शोभा उबेच्या कामास येते ती ठेवावी. जी तिच्या आड येते ती कितीही सुंदर असली तरी टाकावी. नीट पाहिले तर कुंचीची खरी शोभा गरजेतूनच निघालेली दिसते. गोट हा कड विरू नये म्हणून आला. चुण्या घोळ पसरावा म्हणून आल्या. धावदोऱ्याच्या ओळी थर सरकू नयेत म्हणून आल्या. ह्या तिहींचे रंग विचारपूर्वक निवडले की निम्मी सजावट झाली. काळ्या खणास तांबडा गोट, हिरव्यास पिवळा, पांढऱ्या खादीस निळा व त्याच रंगाचे धावदोरे, एवढ्यानेही पाहणाऱ्याची दृष्टी खिळते. जरी लावावयाचीच तर ती घोळाच्या खालच्या काठास, बाहेरून लावावी. मणी, टिकल्या, घुंगरू, आरसे ह्यांस फाटा द्यावा. त्यांच्या जागी गाठीच्या टाक्यांचे ठिपके द्यावेत, ते तुटून पडत नाहीत. गोंडा हवा असल्यास तो सुती दोऱ्याचा, आखूड व शेंड्यावर घट्ट शिवलेला असावा.

वापरताना

उत्तम वस्त्रही अविचाराने वापरल्यास अपाय करते. कुंची बाहेर नेताना व मांडीवर घेताना घालावी. बालकास अंथरुणावर एकटे निजविताना ती काढून ठेवावी, कारण सैल कापड सरकून नाकातोंडावर येऊ शकते. कमी वजनाच्या बालकास झोपेतही टोपी लागेल किंवा काय, हे आशाताईंस किंवा डॉक्टरांस विचारावे. जन्मतःच बालकास आंघोळ घालून मग नवी कुंची चढविण्याची घाई करू नये. पहिली आंघोळ निदान २४ तास तरी पुढे ढकलावी, असा आता वैद्यांचा उपदेश आहे. प्रथम कोरड्या, मऊ फडक्याने पुसून आईच्या छातीशी द्यावे. कुंची घालून बालकास शेगडीजवळ नेऊ नये. ठिणगीचे भय तर आहेच, पण धूरही त्याच्या कोवळ्या फुप्फुसांस बाधतो.

बालकास थंडी वाजते की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी : हाताच्या मागच्या बाजूने प्रथम त्याचे पोट व मग पाऊल चाचपावे. दोन्ही उबदार तर सर्व ठीक. पोट उबदार पण पाऊल गार, तर थंडी बाधू लागली आहे. त्यास त्वरित छातीशी धरून वरून पांघरावे. दोन्ही गार लागली, तर छातीशी धरून तशाच स्थितीत दवाखाना गाठावा. ह्याच्या उलट, मानेस घाम आला व चेहरा लाल झाला, तर पांघरूण अधिक झाले असे समजून कमी करावे. आपल्याकडे दुपारी ऊन तापते. पहाटेची कुंची दुपारपर्यंत अंगावर राहू देऊ नये.

उपसंहार

कोणी म्हणेल, बाजारात सर्व काही विकत मिळत असता ही यातायात कशास? त्यास उत्तर असे की, बाजारातील कपडा कोणत्याही बालकासाठी शिवलेला असतो. घरची कुंची एका विशिष्ट बालकासाठी शिवलेली असते. शिवणाऱ्यास त्याच्या डोक्याचे माप ठाऊक असते, त्याच्या घरची पहाट ठाऊक असते. शिवाय तिला खर्च जवळजवळ नाहीच. दोन थर तर घरातील जुन्या कपड्यांचेच असतात.

आणि हे काम मुलींनीच करावे असे मुळीच नाही. ज्या मुलास भूमितीच्या तासास चौकोन दुमडता येतो, त्यास टोपीही बेतता येईल. ह्या हिवाळ्याच्या सुट्टीत आपल्या घरी, शेजारी किंवा पाड्यावर कोणाकडे तान्हे मूल असेल, तर भावंडांनी मिळून एक कुंची शिवून पाहावी. वडील मंडळींनी त्यांस जुने धोतर, थोडे फलालीन व चार रंगांचे दोरे द्यावेत आणि टाके वाकडे आले तरी हसू नये.

माझ्या भाच्याची ती कुंची अद्याप घरात आहे. आजीने उसविल्या जागी साधा सुती गोट आला, मण्यांच्या जागी गाठीच्या टाक्यांचे मोहाचे घोस आले. त्यानंतर ती तिघा बालकांनी वापरली. अस्तर दोनदा बदलले, एका कडेस ठिगळ लागले. बारशाच्या दिवशी जितकी ती सुंदर दिसत होती तितकी आज दिसत नाही. परंतु तिच्यात निजलेले एकही मूल पुन्हा रडले नाही.